थोरल्याची अंघोळ

गेल्या वर्षी तपासनीस आला आणि त्यानं आमच्या इंजिनाच्या कागदावर लिहिलं, ‘पांढरे डाग. पाण्याची धार क्षीण. देखभालीचा अभाव.’ मग एका वर्षाची मुदत दिली. पुढच्या वर्षी इंजिन पंधरा मिनिटं न थांबता चाललं नाही, तर नावेचा परवाना बंद, आणि फेरी पलीकडच्या काठावरच्या नव्या नाववाल्याला.

फेरी जाईल याचं बाबांना तेवढं काही वाटलं नाही. माणसाला एका वेळी एकच घाव लागतो, आणि त्यांना तो ‘अभाव’ या शब्दाचा लागला होता.

कारण असं की आमची नाव दिवसभर या काठाची माणसं त्या काठाला सोडायची, आणि संध्याकाळी बांधली की बाबा चहासुद्धा न घेता इंजिन धुवायचे. नावेच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं ते इंजिन उतरवायचं, हातगाडीवर घालायचं, अंगणात आणायचं आणि नळी लावून वरून, खालून, आतून धुवायचं. अकरा वर्षं. एका दिवसाचा खाडा नाही. ताईला सासरी पोचवायला गाडी दारात उभी होती तेव्हाही बाबा नळी धरून उभे होते. ताई इंजिनाकडे बघून रडली. नक्की कोणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

घरात इंजिनाला थोरला म्हणायचे. वयानं मी त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा, पण मानानं थोरला तोच. मला ताप आला तर आई बघायची. त्याला ताप आला तर दोघं बघायचे, आणि मी बॅटरी धरायचो.

धुण्याची ही सवय समुद्रावरची. तरुणपणी बाबा तिथं एका वस्तादाच्या हाताखाली होते. वस्ताद सांगायचा, ‘इंजिन न धुता जो जेवायला बसतो, तो उद्या उपाशी बसतो.’ खाऱ्या पाण्यात ते बरोबरच होतं. पुढं वस्ताद गेला, समुद्र सुटला, बाबा दोन दिवसांच्या वाटेवर या गोड्या तलावाकाठी आले. वस्तादाचं वाक्य तेवढं सामानात बांधलेलं राहिलं.

शेरा वाचल्यावर बाबा म्हणाले, “अभाव काय? दिवसातून दोनदा धुतो आता. बघू अभाव कुठं राहतो ते.”

आणि वर्षभर ते दोनदा धुवायला लागले. डाग वाढले.

आमच्या अंगणातल्या बोअरच्या पाण्याबद्दल इथं सांगायला हवं. त्यात साबण लावला की साबण संपतो, फेस येत नाही. पेले धुतले की नुकतंच दूध पिऊन ठेवल्यासारखे दिसतात, त्यामुळे पाहुण्यांना आम्ही खाऊनपिऊन सुखी वाटतो. किटलीच्या तळाला क्षारांचा एवढा थर की आमचा चहा दुसऱ्या मजल्यावर उकळतो. याच पाण्यानं बाबा थोरल्याला अंघोळ घालायचे. आणि ही गोष्ट अकरा वर्षं चारही जणांच्या डोळ्यांसमोर होती. थोरल्याला डोळे नाहीत म्हणून तो सोडला तरी तिघे उरतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी मला उठवलं. “तू इंजिनाचे डाग काढ. मी फेऱ्या उसन्या नावेनं मारून येतो.”

“माझ्यावर एवढा विश्वास?”

“दुसरं कोण आहे?”

डागांतला खरा जाणकार माणूस म्हणजे आई. ती व्हिनेगरच्या दोन बाटल्या घेऊन अंगणात आली. “निम्मं हे, निम्मं पाणी. फडकी भिजवून गुंडाळ, थोडा वेळ थांब, मग हलक्या हातानं पूस. खरवडू नको. किटली खरवडलीस तेव्हा भोक पाडलं होतंस.”

“आई, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.”

“किटलीचंही काही वय झालं नव्हतं.”

मी फडकी गुंडाळली. थोरला न्यूमोनियाच्या पेशंटसारखा दिसायला लागला. आंबूस वास असा सुटला की शेजारचं मांजर भिंतीवर आलं, एकदा हुंगलं आणि पत्ता बदलून गेलं. अर्ध्या तासानं फडकं ओढलं, तर खालून काळा रंग निघाला. खराखुरा, दुकानातून आणला त्या दिवशीचा. मला कारण नसताना आनंद झाला. अशा आनंदाची मला सवय नाही, म्हणून मी लगेच दुसरं काहीतरी बघायला लागलो.

बघितला तो इंधनाचा डबा. तोही काळा, तोही अकरा वर्षं नावेत, तलावाचं पाणी रोज त्याच्यावर उडतं, आणि त्याला जन्मात कोणी धुतलेलं नाही. मी ओलं फडकं फिरवलं. धूळ निघाली. खाली एक डाग नाही.

मग मी अंगणाकडे बघितलं. भिंतीवर पांढरे डाग. हातगाडीवर पांढरे डाग. नळाच्या तोटीवर, बादलीवर, बाबांच्या चपलांवर. यातलं काहीही कधी तलावात उतरलेलं नव्हतं.

दुपारी बाबा जेवायला आले तेव्हा मी सरळ सांगितलं, “बाबा, हे डाग तलावाचे नाहीत. आपल्या नळाचे आहेत. तुम्ही धुता ना, त्यानंच पडलेत. आतही तेच साचलं असणार, म्हणून धार बारीक झालीय.”

आता माझी अडचण अशी की मी चेहरा न हलवता बोलतो. मागच्याच आठवड्यात मी असाच चेहरा ठेवून सांगितलं होतं की मला नोकरी लागली, गतिरोधकाची. रस्त्यावर आडवं पडायचं काम आहे, अनुभव बघून घेतलं. बाबांनी अर्धं मिनिट ‘पेन्शन आहे का’ असा विचार केला होता. ती फसगत ते विसरले नव्हते.

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग एकदम हसले. “म्हणजे अंघोळीनं माणूस मळतो म्हण की!”

“तसंच काहीसं.”

“गधड्या, हा चांगला होता. गतिरोधकापेक्षा चांगला.” त्यांनी खिडकीतून आत हाक मारली. “अगं ऐकलंस का, हा म्हणतोय मीच धुऊन धुऊन डाग पाडले!”

आई हसली नाही. तिनं हातातल्या किटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “जेवून घ्या आधी.”

संध्याकाळी आम्ही पिंपात व्हिनेगरचं पाणी भरलं, थोरल्याचा पाय त्यात बुडवला आणि त्याला चालू केलं. चालू इंजिन खालून पाणी ओढून अंग थंड करतं आणि मागच्या भोकातून धार सोडतं. धार जोरात म्हणजे तब्येत ठीक. गेली काही वर्षं थोरल्याची धार बारीक होती. तशी बाबांचीही होती, डॉक्टरांनी मुतखडा सांगितला होता, पण घरात इलाज एकाचाच चालला होता.

पंधरावीस मिनिटं तो थेंबथेंब करत राहिला. मग आत काहीतरी खाकरल्यासारखं झालं, अंड्याच्या टरफलासारखे पांढरे तुकडे बाहेर पडले, आणि धार सुटली. जाड, सरळ, भिंतीपर्यंत. बाबांनी तिच्यात तळवा धरला. पोटचं पोर पहिल्यांदा चाललं की करतात तसा चेहरा केला. माझ्या वेळी केला होता का, ते मी आईला नंतर विचारलं. ती म्हणाली, “तू फार उशिरा चाललास. तोवर कंटाळले होते.”

सकाळी तपासनीस आला. तोच. काठावर थोरला नावेला लावून तयार होता. काळा कुळकुळीत, मेण लावलेला, इतका चकचकीत की त्याच्यात तपासनिसाला स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यानं केस नीट केले.

“नवीन घेतलंत का काका?”

“तेच आहे साहेब.” असं म्हणताना बाबा दोन बोटं उंच झाले.

इंजिन चालू झालं. धार सुटली. तपासनिसानं घड्याळ लावलं. दोन मिनिटं. चार मिनिटं. पलीकडचा नवा नाववाला त्याच्या नावेत उभा राहून बघत होता, त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, जमतंय. आमच्या घराण्यात असं वाटणं हे फार वाईट लक्षण आहे.

सहाव्या मिनिटाला झाकणाच्या कडेनं एक थेंब आला. सातव्याला ओघळ. मग धार बारीक होत गेली, इंजिनानं शिटी धरली, आणि नवव्या मिनिटाला थोरला गप्प झाला. बाबांनी तीनदा दोरी ओढली. चौथ्यांदा ओढली नाही, नुसती धरून उभे राहिले.

तपासनिसानं झाकण काढलं. आत सगळीकडे पाणी. त्यानं बोटानं चाचपलं. “काका, आतून धातू खाल्ला गेलाय. क्षारांचा थर होता, त्याच्या खाली पोखरत गेलं. आणि त्याच थरानं भोकं बुजवून ठेवली होती. काल तुम्ही थर काढलात.”

म्हणजे अकरा वर्षं बाबांनी त्याला मारत आणलं, आणि उरलेलं मी एका संध्याकाळी केलं. कुटुंबानं मिळून काम केलं की असं होतं.

“धुता कुठल्या पाण्यानं?” तपासनिसानं विचारलं.

“घरच्या. रोज. आता तर दोनदा,” बाबा म्हणाले. या प्रश्नाची त्यांनी वर्षभर वाट बघितली होती.

तपासनिसानं माझ्याकडे बघितलं. मी तलावाकडे बघितलं. अशा वेळी तलाव बरा पडतो, मोठा असल्यामुळे बराच वेळ बघता येतो. तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्यानं पुढं काही विचारलं नाही. कागदावर लिहिलं, ‘देखभाल उत्तम. इंजिन निकामी. परवाना बंद,’ सही केली, आणि निघताना बाबांना नमस्कार केला.

बाबांनी कागद वाचला. मग अशी घडी घातली की पहिले दोन शब्दच वर राहतील, आणि खिशात ठेवला.

थोरल्याला आम्ही हातगाडीवरून घरी आणलं. उन्हं डोक्यावर होती. आई दारात आली, आमची तोंडं बघून परत आत गेली. बाबांनी थोरल्याला भिंतीपाशी नेहमीच्या जागी उभं केलं आणि नळीची गुंडाळी सोडायला लागले. सोडता सोडता थांबले.

“ते काल तू म्हणालास.”

“काय?”

“अंघोळीनं मळतो ते.” ते नळीच्या तोंडाकडे बघत होते. “गंमतच केली होतीस ना?”

मी आजवर बरेच चेहरे सरळ ठेवलेत. हा सगळ्यांत जड होता.

“म्हणजे काय बाबा. गंमतच.”

“तेच म्हटलं मी.” त्यांनी मान हलवली. “नळ सोड.”

तोटी क्षारांनी घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी फिरवावी लागली. बाबांनी वरून धुतलं, खालून धुतलं, आतून धुतलं. पाणी कुठून कुठून बाहेर येत होतं. ऊन कडक असल्यामुळे झाकणावरचे थेंब लगेच सुकले, आणि डाव्या बाजूला, मेणावर, बारीकसा पांढरा डाग उमटला. बाबांनी तो बघितला. सदऱ्याच्या बाहीनं पुसला. गेला नाही.

मग त्यांनी नळी त्याच जागेवर धरली, आणि मला म्हणाले, “अजून सोड.”