माझी मागची सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनं, जाडजूड आणि शेवट कापला गेलेलं पुस्तक आहे. माझ्यात राजा नाही, राक्षस नाही. घरात अपघात झाला तर डॉक्टर गाठेपर्यंत काय करावं आणि काय करू नये, एवढंच माझ्यात आहे. गोष्टींच्या पुस्तकांचं बरं असतं. पहिल्या पानावर बसलात की शेवटच्या पानावर उतरलात. मला असं कुणी वाचत नाही. माझ्याकडे येणारा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला एकच पान हवं असतं.

मला एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. भाजणं, पडणं, बुडणं, विषबाधा अशी प्रकरणं त्यांनी पाडली. कुणी ॲसिड प्यायलं तर काय करायचं, हे त्यांनी 'भाजणं' या प्रकरणात घातलं, कारण ॲसिड माणसाला आतून भाजतं. त्यांचं बरोबरच होतं. पण घाबरलेल्या माणसाला हे कसं सुचावं? ते ओळखूनच त्यांनी शेवटी सोळा पानांची सूची जोडली. शब्द अकारविल्हे आणि प्रत्येकापुढे पानाचा आकडा. तिथं एक ओळ होती, 'ॲसिड, पोटात गेल्यास : १३४.'

मी एका शाळेच्या ग्रंथालयात आलो. तिथल्या ग्रंथपालबाई मुलांना मला हातात घेऊनच शिकवत. "पुढची अनुक्रमणिका म्हणजे घरातल्या खोल्या. मागची सूची म्हणजे कुठल्या खोलीत, कुठल्या फळीवर, कुठला डबा. घाई असेल तर सरळ मागून उघडायचं." मग त्या एखादा शब्द सांगायच्या आणि मुलं तुटून पडायची. दहा वर्षांची एक चष्मेवाली मुलगी तर मला डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हवं ते पान काढायला लावायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढं माझी शिवण उसवली आणि मला बाईंडरकडे पाठवलं. माणूस हाताचा साफ होता. शेवटचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून झालेली ती सोळा पानं, पार फाटला होता. त्यानं तो चाळला, बाजूला टाकला, नवा पुठ्ठा चढवला आणि मला नवऱ्यामुलासारखं सजवून परत पाठवलं. मीही मूर्ख, त्या पुठ्ठ्यावर खूश झालो.

चष्मेवालीनं मला त्याच आठवड्यात घरी नेलं.

तिच्या घरी आजी होती आणि चार वर्षांचा भाऊ होता. गुबगुबीत म्हणून त्याला सगळे ढब्बू म्हणत. मोरी तुंबली म्हणून वडिलांनी सुटं ॲसिड आणलं होतं, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत. दुपारी आईवडील कामावर असताना ढब्बूनं त्यातले दोन घोट घेतले.

त्याची किंकाळी ऐकून शेजारच्या काकू गाडी आणायला धावल्या. आजीनं रडतच त्याला मांडीवर घेतलं. चष्मेवाली मात्र घाबरली नाही. तिनं मला फळीवरून ओढलं आणि शिकवल्याप्रमाणे मागून उघडलं. तिथं कोरा पुठ्ठा होता. तिनं पुन्हा उलटून पाहिलं. मग ती पुढं गेली, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं आणि 'विषबाधा' हे प्रकरण काढलं. तिच्या जागी तुम्हीही तेच काढलं असतंत.

त्या पानावर खराब अन्नाविषयी लिहिलं होतं. 'मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी.' मी जुना आहे. आजचे डॉक्टर तेवढंही करू देत नाहीत. पण तिला तेवढीच ओळ दिसली.

"आजी, मिठाचं पाणी दे त्याला! उलटी करव!"

"अगं, नक्की ना?"

"पुस्तकात आहे!"

ढब्बूला उलटी झाली. ज्या ॲसिडनं जाताना त्याचा गळा भाजला होता, त्यानंच वर येताना पुन्हा भाजला. आणि माझ्या एकशे चौतिसाव्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'उलटी मुळीच करवू नका.' मला स्वतःचं पान उलटता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

दवाखान्यात ती मला काखेत घेऊनच उभी होती.

"उलटी कुणी करवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," आजी म्हणाली.

"नाही, मी सांगितलं," चष्मेवाली म्हणाली. "पुस्तकात होतं."

ढब्बू वाचला. पण त्याची अन्ननलिका आक्रसली. आता पोटाला लावलेल्या नळीतून त्याला दूध देतात. त्याला ढब्बू म्हणायचं सगळ्यांनी आपोआप बंद केलं.

ग्रंथपालबाई मला घेऊन बाईंडरकडे गेल्या. तो बिचारा गोंधळला. "मजकूर सगळा आहे की हो, बाई! मागं नुसती नावं नि आकडे होते. पुस्तक तर आधीच संपलं होतं." बाईंना त्याच्यावर ओरडवलं नाही. बांधून आल्यावर त्यांनीही मला मागून उघडून पाहिलं नव्हतं.

महिन्यानं चष्मेवाली ग्रंथालयात आली. "बाई, हे पुस्तक खोटं आहे का?"

बाईंनी एकशे चौतिसावं पान काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे यात होतं."

"होतं गं. पण तुला तिथं नेणारी पानंच नव्हती. तू नीटच शोधलंस."

"नीट शोधलं तरी असं झालं?"

बाईंनी एक कोरी वही काढून दोघींच्या मध्ये ठेवली.

आता दर शनिवारी त्या दोघी माझी सूची नव्यानं लिहितात. ती एकेक पान वाचून शब्द सांगते, बाई लिहून घेतात. भावाला याचा काही उपयोग नाही, हे तिला माहीत आहे. तरी ती एकही शनिवार चुकवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं पुस्तक असेल तर आजच, सगळं ठीक असतानाच, ते उघडा. पुढं अनुक्रमणिका आहे का, मागं सूची आहे का, पाहा. एखादं पान नसेल तर मोठ्यांना सांगा. आम्ही सगळं जपून ठेवतो, पण आम्हाला तोंड नाही. तुम्ही चुकीच्या पानावर थांबलात, तर मला तुम्हाला हाक मारता येत नाही.