बांधणीवालीच्या काखेतली भेदरलेली गाठ

मी एक जुनी गाठ आहे. दचकू नका मित्रांनो, मी आजार नव्हे. देवाने प्रत्येकाच्या मानेत, काखेत, जांघेत घेवड्याच्या बीएवढ्या चौक्या बसवल्या आहेत, त्यांतली मी एक. लसिकाग्रंथी हे माझे पुस्तकी नाव. पुस्तके बांधणाऱ्या एका बाईच्या उजव्या काखेत माझा मुक्काम.

तिच्या हातातून येणारा रस माझ्यातून गाळला जाऊन पुढे जातो. माझ्या घरात शिपाई पेशी येतात-जातात. पण जाळे विणणाऱ्या पेशी इथल्याच. त्या शिपायांना शरीराचे नमुने दाखवत, "हे कातडीचं, हे सांध्याच्या अस्तराचं. आपल्याच माणसांवर हात उगारायचा नाही, बरं का!" जो ऐकेना त्याला तिथेच गप्प बसवत. एकदा बाईच्या बोटात दाभण घुसले, मी सुजले. डॉक्टर म्हणाले, "गाठ सुजली म्हणजे काम चोख चाललंय." केवढी फुशारले मी!

पण पुढे काय बिघडले, देव जाणे. माझ्या विणकरणी ढिल्या पडल्या. नमुने दाखवीनात, कुणाला अडवीनात. शिपाई डोळे वटारून बाहेर पडू लागले. सांधे अजून धडधाकट होते. शिपाई बिथरलेत, हे फक्त मला ठाऊक होते. भीतीने माझे पाणी पाणी झाले. मला ना तोंड, ना हात. मी नुसती फुगले. अंघोळ करताना बाईच्या बोटांना मी लागले.

"घामाची गाठ असेल," म्हणाली, आणि विसरली.

मग एका सकाळी तिची बोटे वळेनात. तिची नणंद शेजारी पाने शिवत होती.

"वहिनी, अगं मूठ तरी मिटतेय का?"

"मिटेल गं दहापर्यंत! गार खळीत हात घालून बसते, दुसरं काय?"

"खळ काय आज लावतेस? वीस वर्षं झाली!"

बाईचा शिरस्ता असा, की आधी काम, मग दवाखाना. संध्याकाळपर्यंत बोटे सैल होत. डॉक्टर म्हणत, "छान मिटतेय की मूठ!" बाई हसत परत येई. असे दोनदा झाले. मी काखेत आक्रोश करत होते, कोण ऐकणार?

तिसऱ्या वेळी नणंदेने दुकानाची किल्ली कमरेला खोचली. "राहू देत पुस्तकं उघडी. आत्ता चल, बोटं ताठ आहेत तोवर."

डॉक्टरांनी पेरे दाबली तशी बाई कळवळली. मग त्यांचे बोट माझ्यावर आले. आता मला कापणार! मी थिजले.

"ही कधीपासून?"

"दोन-तीन महिने... सांगण्यासारखं काय त्यात?"

"सांगायचं असतं, बाई. अंगातले शिपाई तुमच्याच सांध्यांवर उलटलेत. अजून झीज दिसत नाही, पण पुढचं आज सांगता येणार नाही."

औषध सुरू झाले आहे. मित्रांनो, घरात कुणी "होईल बरं दहापर्यंत" म्हणाले, तर सकाळीच त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यात न्या. बोटे संध्याकाळी खोटे बोलतात.

आणि माझ्यासाठी देवाला एकदा हात जोडा. तिचे हात राखायला त्याने मला इथे बसवले, आणि मारेकरी माझ्याच दारातून गेले. अजूनही एखादा शिपाई उंबरठा ओलांडतो, तेव्हा मी कापऱ्या आवाजात विचारते, "बाबा रे, कुणावर निघालास?"