वेंडलने मोडलेली पॉलिसी

माझ्या नवऱ्याने, वेंडलने, विम्याची पॉलिसी मोडली हे मला त्याने स्वतः सांगितलं नाही. सांगितलं मार्लिसने, म्हणजे त्याच्याच बहिणीने. विमा एजंट तीच. तेवीस वर्षांपूर्वी आमची कर्स्टन जन्मली, डॉक्टरांनी तिला डाउन सिंड्रोम असल्याचं सांगितलं, तेव्हा मार्लिसनेच आमच्या स्वयंपाकघरात बसून ती पॉलिसी काढून दिली होती. आमच्यानंतर या मुलीला कोणीतरी सांभाळावं लागणार, आणि ते फुकट होणार नाही, एवढं साधं कारण होतं.

मार्लिसने पॉलिसी मोडल्याचं बोलून दाखवलं तेव्हा मी तळघरातल्या माझ्या सलूनमध्ये एका बाईचे केस रंगवत होते. मार्लिसला वाटलं होतं मला सगळं माहीत आहे. माझा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं. त्या बाईचे केस धुऊन, सुकवून, तिला दारापर्यंत सोडून मग मी वर गेले.

वेंडल बाहेर अंगणात नव्या मोटारबोटीला पॉलिश करत होता.

"कागदगिरणीचा विमा आहे ना," तो म्हणाला. "मेलो तर तीन वर्षांचा पगार मिळेल तुला. माणूस एकदाच मरतो जोलीन, दोन-दोन हप्ते कशाला भरायचे?"

"गिरणी सोडलीस तर?"

"मी कुठे चाललोय?"

ऑफिसातल्या टॉलफ्सनने त्याला असं समजावलं होतं. हा टॉलफ्सन कागदगिरणीत कामगारांच्या पगार-रजा-विम्याचं बघायचा. दर शरद ऋतूत सगळ्यांना जमवून तो विम्याचं भाषण द्यायचा, की कंपनी एवढं देतेय तर बाहेर कशाला पैसे घालवता. वेंडलने ऐकलं. बायकोला विचारलं नाही, बहिणीला विचारलं नाही, टॉलफ्सनचं ऐकलं.

मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मार्लिसने रविवारी जेवायला आल्यावर त्याला पुन्हा सांगून पाहिलं. म्हणाली, अरे, कंपनीचा विमा कंपनीच्या हेल्मेटसारखा असतो, नोकरी सुटली की खुंटीला अडकवून यायचं. तू अजून धडधाकट आहेस, आताच नवी घे, कंपनीचीही राहू दे. तो हसून बटाट्याचं सॅलड वाढून घेत राहिला. तिला कमिशन हवंय, असंही म्हणाला, तिच्या तोंडावर. मार्लिसने पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात दारातला बर्फ फावड्याने उपसताना त्याच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट घातले. तो बरा झाला, कामावरही परत गेला. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात गिरणी विकली गेली. नव्या मालकांना यंत्रं हवी होती, आमचं गाव नको होतं.

मार्लिसने चार ठिकाणी चौकशी केली. स्टेंट ऐकल्यावर कोणीच दारात उभं करेना. कंपनीचा विमा नोकरी गेल्यावर स्वतःच्या नावावर करून घेता येतो, तपासणीशिवाय, पण लगेच करावा लागतो. त्याचीही तिने चौकशी केली. हप्ता ऐकून वेंडलने नको म्हटलं. घराच्या कर्जाच्या हप्त्याहून मोठा होता तो.

युनियनच्या हॉलमध्ये निरोपाची सभा झाली. कॉफी, डोनट आणि भाषणं. टॉलफ्सन बोलायला उभा राहिला, तशी मीही उभी राहिले. वेंडल माझी बाही ओढत होता. मी ती सोडवून घेतली.

"टॉलफ्सन साहेब, तुम्ही माझ्या नवऱ्याला बाहेरची पॉलिसी मोडायला सांगितलंत. आता आमच्या मुलीचं काय करायचं, तेही सांगा."

टॉलफ्सनने माइक खाली ठेवला.

"माझ्याकडे तरी विमा कुठे आहे, जोलीन?" तो म्हणाला. "माझाही कंपनीचाच होता. दुसरा मी कधी काढलाच नाही. आणि मला मधुमेह आहे."

लोक नंतर म्हणाले, बिचारा. मला मुळीच तसं वाटलं नाही. खोटं बोलला असता तर बरं, निदान त्यात काही हुशारी असती. हा माणूस वर्षानुवर्षं शेकडो घरांना सल्ला देत होता, आणि त्याने त्यावर स्वतःपुरताही विचार केला नव्हता. मी परतताना गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की कर्स्टन घाबरली. तिला जवळ घेऊन बसावं लागलं.

मग मार्लिसनेच वाट काढली. जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात धोबीखान्याला माणसं हवी होती. तिथे नोकरीला लागताच घरच्यांची नावं दिली तर नवऱ्याचाही विमा होतो, तब्येतीचं काही न विचारता. रक्कम थोडी, पण होतो. वेंडलनेही तिथे अर्ज केला होता, पण ओझं उचलायच्या चाचणीत तो नापास झाला. म्हणजे जायचं ते मी.

सलून मी स्वतः उभं केलं होतं. कोणी वरिष्ठ नाही, घड्याळ माझं. वेंडल म्हणाला, नको जाऊस, बघू काहीतरी.

"काय बघणार?" मी विचारलं. "तू बघितलंस तेव्हा काय झालं ते दिसतंय मला."

सलूनची खुर्ची आणि आरसे मी एका पोरीला विकले. ते नेताना मी वर थांबले, खाली गेले नाही.

पहिल्या पगारातून मी मार्लिसला बोलावून माझ्या नावावर वेगळी पॉलिसी काढली. वृद्धाश्रमाचा विमा माझाही होताच, पण तो त्यांचा. ही माझी, नोकरी असो नसो. मार्लिस माझ्या तब्येतीचे प्रश्न विचारत होती आणि वेंडल सिंकपाशी पाठमोरा उभा राहून ऐकत होता. ती गेल्यावर तो समोर येऊन बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं."

दोन वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते. वाटलं होतं, ऐकलं की आतलं काहीतरी सैल होईल. तसं काही झालं नाही.

"हो," मी म्हणाले, "विचारायला हवं होतंस."

धोबीखान्यातल्या गरम चादरींनी माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्याने मलमाची डबी आणली आणि ते चोळायला लागला. मी हात काढून घेतले नाहीत, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.