मडकं सुयेनं फोडलं

आमच्या गावात एक रीत होती. मेलेल्याला वाटखर्चाला म्हणून कागदी पैसे जाळतात, त्यासाठी शवपेटीपुढं मातीचं मडकं ठेवतात. पेटी उचलायच्या आधी थोरल्या मुलानं ते डोक्यावर धरून विटेवर आपटायचं. ज्याच्या हातून मडकं फुटेल, घर त्याचं. मुलगा नसेल तर पुतण्या, पुतण्या नसेल तर भाऊबंदांतला कुणी पुरुष. मुली कितीही असोत, त्यांनी मागं राहून रडायचं. चीनच्या शान्दोंग प्रांतातल्या आमच्या भागात सगळीकडं हेच. मी सून म्हणून आले तेव्हापासून किती प्रेतयात्रा पाहिल्या, कधी मनातसुद्धा आलं नाही की हे वेगळं असू शकतं.

आमच्या शेजारच्या टोफूवाल्या म्हाताऱ्या गंगला एकुलती एक मुलगी, सुये. दुसऱ्या गावात दिली होती, पण बापाला अर्धांगवायू झाला तशी नवऱ्याला सांगून परत आली. नवरा म्हणाला, गेलीस तर तिकडंच राहा. ती राहिली. पहाटे सोयाबीन दळायचं, टोफू लावायचा, विकून यायचं आणि मग बापाला कुशीवर वळवायचं. सहा वर्षं हेच. म्हाताऱ्याच्या पाठीला एक जखम झाली नाही, यावरून काय ते समजा.

पुतण्या वेइमिन तालुक्याला असायचा. त्या सहा वर्षांत तो दोनदा आला, दोन्ही वेळा टोफू घेऊन गेला. काका गेल्याचं कळताच मात्र पांढरे कपडे घालून सगळ्यांच्या आधी अंगणात हजर. रडला तर असा, की सनईवाल्यांनासुद्धा थांबावं लागलं.

पेटी उचलायची वेळ झाली. घराण्यात आता सगळ्यात वडील, आपल्या पिढीतले सातवे म्हणून सातवे आजोबा, काठी टेकत पुढं आले.

"वेइमिन, मडकं उचल."

वेइमिन वाकला. तेवढ्यात सुयेनं मडक्यावर पाय ठेवला. जोरात नाही. नुसता ठेवला.

"ते मी फोडणार, आजोबा."



"पोरी, दुःखानं डोकं फिरलंय तुझं," सातवे आजोबा म्हणाले. "बाजूला हो. लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी."

"सांडलेलं पाणी?" सुये म्हणाली. "सहा वर्षं माझ्या बापाचं, तुमच्याच पुतण्याचं, अंग याच पाण्यानं पुसलं, आजोबा. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की अगं, तू सांडलेली आहेस, घरी जा!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बायकांतलंच कुणीतरी असावं.

वेइमिन गोड आवाजात म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील? काकांचा आत्मा भटकेल."

"माझ्या बापाचा आत्मा? डाव्या कुशीवर झोपवलं की त्यांना खोकला यायचा, हे तरी माहीत आहे का तुला?"

वेइमिननं मडक्याला हात घातला. सुयेनं त्याच्या छातीवर असा तळहात मारला, की तो मागच्या फुलांच्या चक्रांत जाऊन बसला. मग तिनं मडकं दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं. राख तिच्या केसांवर, तोंडावर सांडली.

"बाबा, सावकाश जा!" ती ओरडली, आणि आपटलं.

ठिकऱ्या ठिकऱ्या झाल्या. एक तुकडा सातव्या आजोबांच्या बुटाशी जाऊन पडला.

म्हाताऱ्यांनी काठी आपटली. "पेटी उचलायची नाही," ते म्हणाले. "घराण्यातल्या एकाही पुरुषानं खांदा द्यायचा नाही. बघू दे हिला, बाप कसा नेते ते."

खांदेकऱ्यांनी दांड्या खाली ठेवल्या. त्यांत माझा नवरा हायशंगही होता. सुये पेटीशी गेली, दांडीखाली खांदा घातला आणि एकटीच उचलू लागली. पेटी कसली हलते! तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. एकदा, पुन्हा एकदा. रडत नव्हती. दात खाऊन उचलत होती.

मला काय झालं, सांगता येणार नाही. मी हातातली उदबत्ती खोचली आणि जाऊन तिच्या मागं दांडी धरली.

"ए," हायशंग दबक्या आवाजात म्हणाला, "घरी ये, मग बघतो तुला."

"बघ की! आता मोकळाच आहेस, नीट बघ."

मग न्हाव्याची बायको आली. मग विधवा मा काकू, साठी उलटलेली, "सरक गं, सोयाबीनची पोती मी तुझ्यापेक्षा जास्त उचललीत," म्हणत आली. शाळेतली स्वयंपाकीण आली. अशा एकेक करत आठजणी झालो. सुयेनं हाक दिली आणि पेटी जमिनीपासून सुटली.

फार शोभेनं नेली, असं नाही म्हणणार. दरवाजातून वळताना मा काकूचा पाय घसरला, पेटी कलली, आणि बायका किंचाळल्या.

"अगं पाडाल म्हाताऱ्याला!" हायशंग शिव्या देत धावला आणि काकूच्या जागी खांदा घातला. पुढं मळ्यातल्या कबरीपर्यंत त्यानं तो काढला नाही. त्याचं पाहून आणखी दोघे आले. सनईवाल्यांनी सातव्या आजोबांकडं एकदा पाहिलं, आमच्याकडं एकदा पाहिलं, आणि वाजवायला लागले.

वेइमिन नंतर घरावर हक्क सांगायला सरकारी कचेरीत गेला. तिथल्या बाईनं त्याला सांगितलं, कायद्यात मुलगीच वारस आहे, तुमच्या मडक्याचं कायद्याला काही माहीत नाही. हा कायदा कितीतरी वर्षं जुना होता म्हणे. आमच्या गावाचा रस्ता तेवढा त्याला सापडला नव्हता.

पण गाव सहज ऐकणारं नव्हतं. सातव्या आजोबांनी सांगून ठेवलं, तिचा टोफू कुणी घ्यायचा नाही. सुये गाडा घेऊन शेजारच्या गावांत फिरू लागली. परत यायची तेव्हा ओठ थंडीनं फुटलेले असायचे. मी विचारलं, "जातेस का परत सासरी?" ती म्हणाली, "वहिनी, घर माझं आहे. जायचं असेल तर त्यांनी जावं."

नववर्षाचा सण आला. टोफूशिवाय सण कसला? आधी बायका मागच्या दारानं आल्या, मग पुढच्या. सातव्या आजोबांनी सुनेला पाठवलं. सुयेनं तिला रिकामी परत धाडली. "म्हणावं, ज्यांनी बंदी घातली त्यांनीच उठवायला या."

दुसऱ्या दिवशी म्हातारे स्वतः आले. मी तिथंच होते, टोफूची फडकी पिळत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी सवयीनं हाक मारली, "घरात कुणी आहे का?"

आमच्याकडं याचा अर्थ, कुणी पुरुष आहे का.

"आहे की," सुये आतून म्हणाली. "मी आहे. या."

म्हाताऱ्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि आत आले.