‘हं’ कशात मोडतं

मामा कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे येत आणि मामा मागच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवत, घासत, चकचकीत करत. आसपासची निम्मी म्हातारी माणसं हसायची ती मामांच्या कृपेनं. स्वतः मामा मात्र तोंड उघडायच्या बाबतीत भलतेच काटकसरी होते. जे काय बोलायचं ते त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच उरकून घेतलं असावं, आणि पुढच्या सगळ्या संसारासाठी एकच अक्षर हाताशी ठेवलं होतं. ते म्हणजे ‘हं’.

मामींची त्यावर तक्रार नव्हती. उलट जरा तोराच होता. कुठलं ‘हं’ म्हणजे हो, कुठलं म्हणजे नाही, कुठलं म्हणजे ‘बघू’ आणि कुठलं म्हणजे ‘आता डोकं खाऊ नकोस’, हे त्यांना स्वयंपाकघरात नळ सोडलेला असतानाही कळायचं. शेजारणी नवऱ्यांच्या बडबडीला कंटाळलेल्या असत, तेव्हा मामी गालातल्या गालात हसायच्या. पण गेले काही दिवस अशाच एका ‘हं’नं त्यांची झोप उडवली होती.

मामी संग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायच्या. दूरच्या शहरात एका नाट्यगृहाला आग लागली आणि तिथला रंगवलेला जुना पडदा अर्धा जळला, उरलेला बंबाच्या पाण्यात भिजला. तो वाचवायला मामींना बोलावणं आलं. काम वर्षभराचं. जन्मभर त्यांनी मोठ्या लोकांच्या टोप्या, झगे आणि रुमाल सांधले होते. असा अख्खा पडदा हाताखाली आजवर कधी आला नव्हता. फोन ठेवला आणि त्या तशाच मागच्या खोलीच्या दारात गेल्या. मामा पाठमोरे बसले होते, पॉलिश करायचं मशीन घरघरत होतं.

“अहो, मला वर्षभरासाठी बाहेर बोलावलंय. पडद्याचं काम आहे. जाऊ का?”

“हं,” मामा म्हणाले.

ते ‘हं’ ऐकून म्हटलेलं नव्हतं. ते कवळीला उद्देशून होतं, मामींना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या पाऊल न वाजवता मागे फिरल्या आणि होकार कळवून मोकळ्या झाल्या.

आता बाईंनी पुन्हा एकदा मोठ्यानं विचारायला काय हरकत होती, असं कुणीही म्हणेल. हरकत होती. मुलगा शाळेत होता तेव्हा असंच एक बोलावणं आलं होतं. त्या वेळी मामांनी मशीन बंद केलं, हात धुतले, बायकोला समोर बसवलं आणि शेवटपर्यंत सगळं ऐकून घेतलं. नको म्हणाले नाहीत. फक्त ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं, आणि ते इतक्या मायेनं विचारलं, की मामींचाच पाय निघेना. त्या राहिल्या. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते होतं. या खेपेला त्यांना मामांच्या रागाची भीती नव्हती, मामांच्या ऐकण्याची होती.

निघायला दोन आठवडे उरले तरी घरात सगळं सामसूम. अशात भाची आली.

भाची म्हणजे मामांच्या बहिणीची मुलगी. विद्यापीठात मानसशास्त्र शिकायची. माणसं प्रेमात का पडतात आणि पडल्यावर तिथंच का राहतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिचं स्वतःचं अजून कुठं धड जमलं नव्हतं, पण दुसऱ्यांचं का जमतं ते ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. तिला विद्यापीठातल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवायला एक मुरलेलं जोडपं हवं होतं.

“तरुण जोडपी कॅमेरा दिसला की गोडगोड बोलतात गं मामी,” ती म्हणाली. “तुमच्यात आता तसलं काही उरलं नसेल.”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” मामी म्हणाल्या, पण तयार झाल्या. घरात जे ओठांवर येत नव्हतं ते तिथं कदाचित सांगता येईल. शिवाय परक्या खोलीत मामांना फार नीट ऐकता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

विद्यापीठानं एका खोलीचं घर केलं होतं. सोफा, दिवा, पडदा लावलेली खिडकी, चहाची किटली, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आणि छताला कॅमेरा. मामांनी झाडाचं एक पान चिमटीत धरून पाहिलं आणि “काम बरं आहे” असा शेरा दिला. धंद्यामुळे त्यांना नकलेची कदर होती.

भाचीनं आधी दोघं एकत्र कशी आली ते विचारलं.

“मी यांच्या समोरच्या खोलीत राहायचे,” मामी म्हणाल्या. “रोज जिन्यात दिसायचे हे.”

“बघ,” भाची खूश झाली. “जे सारखं दिसतं ते आवडायला लागतं. सिद्धांतच आहे तसा.”

“मग जिन्याखालचा शिंपी का नाही आवडला? तो यांच्यापेक्षा जास्त दिसायचा. आणि दिसायलाही बरा होता.”

“मग साम्य असेल. सारख्या स्वभावाची माणसं जवळ येतात.”

“मी ही अशी बडबडी, आणि हे असे.”

“मग तुम्ही एकमेकांना पूरक आहात,” भाची म्हणाली. तिच्याकडे प्रत्येक कुलपाची किल्ली होती. मामांनी एक ‘हं’ सोडलं आणि सोफ्याची शिवण तपासू लागले.

मग तिनं खरा मुद्दा समजावला. नवरा-बायको दिवसभर एकमेकांना लहान लहान साद घालत असतात. ‘ते बघा’, ‘ऐकलंत का’, नुसता उसासासुद्धा. दुसरं माणूस वळून बघतं, की तोंड फिरवतं, की उखडतं, त्यावर नातं टिकतं की नाही ते ठरतं. ती पलीकडच्या खोलीत बसून प्रत्येक साद ज्याच्या त्याच्या रकान्यात टाकणार होती. “तुम्ही फक्त गप्पा मारा,” एवढं सांगून ती गेली.

मामींनी गप्पा मारल्या. सोफा आपल्याकडच्यापेक्षा मऊ आहे म्हणाल्या. दिव्याच्या झालरीचा टाका चुकलाय म्हणाल्या. “अहो, तो पडदा...” अशी त्यांनी दोनदा सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा खिडकीच्या पडद्यावर येऊन थांबल्या. मामांनी सगळ्याला मापात उत्तर दिलं. अर्ध्या तासानं भाची रडकुंडीला येऊन परत आली.

“मामा, तुझ्या ‘हं’चं मी काय करू? ते वळून बघण्यात मोडतं, की तोंड फिरवण्यात?”

“हं,” मामा विचारात पडले.

मामी सरसावून बसल्या. भाचीनं एकेक तुकडा परत ऐकवला आणि मामी अर्थ लावत गेल्या. “हे ‘हो’. हे ‘पटलं नाही, पण वाढवत नाही’. इथं हसलेत. हे चहाच्या घोटाचं आहे, ते सोडून दे. आणि हे माझं कौतुक आहे, ते नीट ठेव.” भाची भराभर बटणं दाबत होती. मामा स्वतःबद्दलची ही माहिती प्रथमच मिळाल्यासारखे कान देऊन ऐकत होते.

“कधीच चुकत नाहीस?” भाचीनं विचारलं.

“आजवर तरी नाही,” मामी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना मागच्या खोलीतलं ते ‘हं’ आठवलं.

भाची पुन्हा पलीकडे गेली. जाताना दुसऱ्या भागासाठी विषय देऊन गेली, घरात लवकरच होणारा एखादा बदल. जगात इतके विषय असताना पोरीला नेमका हाच सुचावा. मामींनी किटली उचलली, ती रिकामी होती, परत ठेवली. मग दिव्याकडे बघत एका दमात बोलून गेल्या.

“अहो, मी तुम्हाला विचारलं होतं. मागच्या खोलीत. नाट्यगृहाचा जळका पडदा, वर्षभराचं काम. तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि मी तो होकार धरला. मी हो कळवलंय. पण ते होकाराचं नव्हतं, मला माहीत होतं. मशीन चालू होतं. तुम्ही ऐकलंच नव्हतं.”

मामांनी हातातला कप खाली ठेवला.

“विचारा ना, परत का नाही विचारलंस म्हणून.”

“का नाही विचारलंस?”

“परत विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत,” मामी म्हणाल्या. “आणि मग मी गेले नसते.”

मामांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. पॉलिशची पांढरी पूड नखांत कायमची बसलेली होती.

“ऐकलं होतं,” ते म्हणाले.

मामींना वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

“कवळी हातात होती माझ्या. मशीन रिकामंच फिरत होतं.”

“मग बंद का नाही केलंत?”

“मागच्या वेळी केलं होतं की. तू राहिलीस. नंतर कितीतरी दिवस तू कामावरून आलीस की नुसती हात मांडीवर ठेवून बसायचीस. मी बघायचो.” मामा थांबले. एवढं सलग बोलायची सवय नव्हती. “या वेळी ठरवलं, वळायचं नाही. माझं तोंड बघितलं असतंस तर राहिली असतीस.”

मामींना आधी राग आला. इतके दिवस हा माणूस सगळं माहीत असून समोर बसून जेवत होता, आणि आपण एकट्याच चोरासारख्या वावरत होतो. मग लाज वाटली, कारण आयुष्यभर मिरवलेली विद्या एका पाठमोऱ्या ‘हं’पुढे साफ आडवी झाली होती. आणि त्या रागाच्या नि लाजेच्या खाली इतकं बरं वाटत होतं, की त्यांना रडूच आलं.

“मला सांगायचं तरी,” त्या म्हणाल्या.

“तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगेल.”

“आणि मी गेल्यावर तुम्ही?”

“घर खायला उठेल मला,” मामा म्हणाले. “ते आहेच. त्याला इलाज नाही. पण तू जायला हवंस. फक्त एकदा तोंडानं सांग. न सांगता निघून गेलीस, असं नको व्हायला.”

पलीकडच्या खोलीतून कसलाच आवाज येत नव्हता. मामींनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि ताठ बसल्या. ‘मी जाणार’ हे दोन शब्द ठणकावून सांगायचे म्हणून त्यांनी अंघोळ करताना, भाजी चिरताना, झोपण्याआधी कितीदा तरी घोकले होते. तोंड उघडलं तेव्हा मात्र रोज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना त्या जे म्हणायच्या, तेच बाहेर आलं.

“येते मी.”

मामा पुरते वळून त्यांच्याकडे बघत होते.

“ये,” ते म्हणाले. “लवकर ये.”