गोंडपिपरीत छापलेलं पांढरं अस्वल

सतरा वर्षं वनरक्षकाची नोकरी केल्यावर पोस्टर कोण उघडून बघतं? मीही बघितलं नाही. गोंडपिपरीच्या छापखान्यातून गुंडाळी उचलली, गावी नेली, समाजमंदिराच्या भिंतीवर उलगडली, तर आमच्या जंगलातल्या काळ्या अस्वलाऐवजी बर्फात उभं पांढरंशुभ्र अस्वल! फोटो आणि माहिती मीच मोबाइलवरून पाठवली होती, डुलक्या घेता घेता. दोष तरी कुणाला देऊ?

बाया पोट धरून हसल्या. "साधना मॅडम, ह्याले चुना कोनं लावला वो?" मंगलीबाईने विचारलं.

मला हसू येत नव्हतं. मोहफुलं पडायला लागली होती. मागच्या साली याच दिवसांत अस्वलाने गोकुळाबाईचा अर्धा चेहरा ओरबाडला, एक डोळा गेला. तिचा नवरा इस्तारी तळ्यात मासे धरतो. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल होतो, मग घर मोहफुलं वेचून-विकूनच चालतं. यंदाही आपल्या झाडाखाली पहाटे चारला एकटीच जाणार, असं तिने गावभर सांगितलं होतं. मला फक्त तिला थांबवायचं होतं.

आता आलेच होते, तर पोस्टरवर होतं तेच वाचलं. हे अस्वल पृथ्वीच्या उत्तर टोकाकडच्या गोठलेल्या समुद्रावर राहतं. केस पांढरे दिसतात, आतली कातडी काळी. सीलची शिकार करतं. सील श्वास घ्यायला बर्फाच्या भोकातून डोकं वर काढेपर्यंत हे तिथे तासन् तास बसून राहतं.

"आमच्या इस्तारीवानी," गोकुळाबाई मागून बोलली. पदर अर्ध्या तोंडावर ओढलेला. "गळ टाकून बसते दिवसभर."

गाभण मादी बर्फात बीळ करते, मी वाचलं. तिथेच पिल्लं होतात. सात-आठ महिने ती काही खात नाही, अंगच्या चरबीवर दूध पाजते. अलीकडे बर्फ लवकर वितळतो, शिकार मिळत नाही, मग भुकेली अस्वलं माणसांच्या वस्तीकडे येतात.

आता कुणी हसत नव्हतं.

"उपाशी असन तर येनारच," गोकुळाबाई म्हणाली. "आपलं काळं अस्वल बी मोहासाठीच येते. मी बी त्याच्यासाठीच जातो. दोघी बी चारलेच."

संधी साधून मी हात जोडले. हो, हातच जोडले. नियम सांगून माझा घसा बसला होता. "बाई, ऊन पडल्यावर जा. चौघीजणी मिळून जा. माझ्यासाठी."

तिने एका डोळ्याने मला बराच वेळ न्याहाळलं. "तुमी लई थकल्या दिसता, मॅडम. बरं. उद्या ऊन पडल्यावरच जातो."

इतक्या वर्षांत माझं असं कुणी ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गावात गेले. गोकुळाबाई अंगणात बसली होती, धडधाकट. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग तिने टोपली पुढे सरकवली. तळाला पसाभर फुलं, तीही मातीत तुडवलेली.

"काय झालं?"

"सूर्य निंगाल्यावर गेलो आमी चौघीजनी. झाडाखाली अस्वलाची ताजी विष्ठा. अस्वलीनं खाल्लं, मंग हरनानं खाल्लं, मंग गायी आल्या. मंगलीबाईच्या झाडाचं बी तसंच." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमचं आयकलं, मॅडम. एक दिवस आयकलं."

पोटभर खाणाऱ्यांनी बनवलेले नियम मी सतरा वर्षं उपाशी माणसांना वाचून दाखवत होते. स्वतःची लाज वाटली आणि कंटाळाही आला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"उद्या चारलेच ना?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"हो."

"मले हाक मारजा," मी म्हटलं. "मी आज इथीच झोपतो."