कोरडी ओंजळ

पवित्र गुरुवारच्या आदल्या दिवशी गावातले सगळे जर्मन एकमेकांच्या दारी जाऊन माफी मागत. उद्या प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, आणि मनात अढी ठेवून त्या मेजाशी जायचं नाही, हा आज्यापणज्यांपासूनचा नेम. युद्धात सोव्हिएत सरकारनं हुसकावलं तेव्हा व्होल्गाकाठची घरं गेली, चर्च गेलं, घंटा गेली. हा नेम मात्र आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत कोंबलेल्या माणसांबरोबर कझाकस्तानच्या या माळापर्यंत आला. शब्द ठरलेले होते. "मी जाणूनबुजून किंवा नकळत तुझं काही वाईट केलं असेल, तर देवासाठी माफ कर." समोरच्यानं म्हणायचं, "देवानं माफ केलंय, मीही करतो. मलाही कर." झालं. तपशील कोणी विचारत नसे. तपशील विचारत बसले असते तर ईस्टर भर उन्हाळ्यात उजाडला असता.

बेर्टा सकाळी आठलाच अमालियाच्या दारी हजर झाली. बुटांचा चिखल उंबऱ्यावर झटकून तिनं ठरलेले शब्द एका दमात म्हटले आणि वर म्हणाली, "आणि माझी चाळण नाताळपासून तुझ्याकडे आहे, ते मी काही मनात धरलेलं नाही हं."

"मनात नाही, तोंडात धरलंयस," अमालिया म्हणाली आणि चाळण तिच्या हातात दिली.

बेर्टा काही लगेच हलणाऱ्यातली नव्हती. "उद्या पास्टर तुझ्या राइनहोल्डच्या डोक्यावर हात ठेवणार. बघ, अमालिया, त्या बर्फात तू बाप्तिस्मा दिलेलं पोर आज मंडळीचा वडील होतंय. पाउलिना असती तर लेकाकडे बघून ऊर भरून आला असता तिचा."

अमालियानं मान हलवली.

पास्टर हा फिरता धर्मगुरू वर्षातून दोनदा येई, दोन दिवस राही. बाकीच्या दिवसांत उपासना मंडळीनं निवडलेल्या वडिलानं चालवायची. उद्यापासून राइनहोल्ड भाकर मोडणार होता, पेला देणार होता, मेलेल्यांना माती आणि जन्मलेल्यांना पाणी देणार होता. गेली चाळीसेक वर्षं हे पाणी द्यायचं काम अमालियाचं होतं. अर्ध्या गावाच्या टाळूवर तिचा हात फिरला होता. आणि ज्या पहिल्या पोरामुळे लोक तिच्याकडे पोरं आणू लागले, त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. हे गावात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

बेचाळीस सालच्या डिसेंबरात जमिनीत खणलेल्या खोलीत पाउलिना बाळंत झाली. सोबतीला एकटी अमालिया, सोळा वर्षांची. बाहेर वादळ, भर दुपारी आत मिट्ट काळोख, गोवऱ्या संपलेल्या, चूल विझलेली, बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलेलं. नाळ तिनंच कापली. पोर निळं पडलं होतं आणि पाउलिना विझत चालली होती. "बाप्तिस्मा दे," पाउलिना सारखी म्हणत होती. "आत्ता, अमालिया. आत्ताच्या आत्ता." अमालियानं बादलीवर मूठ आपटली. बर्फ हलला नाही, आणि पाण्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. मग तिनं रिकामी ओंजळ पोराच्या डोक्यावर तीनदा उपडी केली आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने, असं म्हटलं. पाउलिनानं चाचपडत दोन बोटं पोराच्या कपाळावर टेकवली आणि ती म्हणाली, "ओलं आहे." दिवेलागणीला ती गेली.

दारापर्यंत चार पावलं होती. दार उघडलं असतं तर बाहेर बर्फच बर्फ होता. नुसता मुठीत धरला असता तरी पाणी झालं असतं. ही चार पावलं अमालिया पुढे सगळा जन्म चालत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिला श्रमछावणीत नेलं. पाच वर्षं लाकडं तोडून ती परत आली, तेव्हा राइनहोल्ड अंगणात कोंबड्यांमागे धावत होता आणि त्याच्या आजीनं गावभर सांगून ठेवलं होतं, माझ्या नातवाला अमालियानं देवाच्या हवाली केलं म्हणून तो जगला. लोकांनी आपली पोरं आणून तिच्या पुढ्यात ठेवली. तेव्हा बोलायला तोंड उरलं नाही. पुढे दर वर्षी या बुधवारी ती राइनहोल्डच्या दारी जायची आणि 'जाणूनबुजून' या शब्दावर जरा जास्त जोर द्यायची. तो आपलं उत्तर भरभर म्हणून टाकायचा. अशी ती दर वर्षी त्याच्याकडून माफी चोरून आणायची. चोरीची माफी घरात टिकत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

या वर्षीही कदाचित तसंच निभावलं असतं. पण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, गेल्या बुधवारी प्रार्थनाघरात राइनहोल्डनं आपल्या खर्जात येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला. येशूला मरणाच्या हवाली करणाऱ्या पिलातानं पाणी मागवलं आणि लोकांदेखत हात धुतले, इथवर तो आला आणि अमालियानं आपले दोन्ही हात मांडीत लपवले. हात झटकणाऱ्यालासुद्धा पाणी मिळालं होतं.

दुपारी ती त्याच्याकडे गेली. छपरावरचा बर्फ उन्हानं वितळायला लागला होता आणि वळचणीवरून थेंब टपकत होते. राइनहोल्ड अंगणात कुऱ्हाडीनं बर्फ फोडून पाण्याला वाट करून देत होता. ट्रॅक्टर चालवून चालवून रेड्यासारखा आडवा वाढलेला माणूस.

"या, मावशी. बायको केक भाजायला शेजारी गेलीय. मी आधी म्हणू की तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणते. पण उत्तर द्यायची घाई करू नकोस. आधी ऐक."

तिनं सांगितलं. बादली सांगितली, रिकामी ओंजळ सांगितली, चार पावलं सांगितली. पाउलिनाचे ते शेवटचे दोन शब्द मात्र सांगितले नाहीत. ते तिनं कधी कोणालाच सांगितले नव्हते. मरणाऱ्या बाईनं एका घाबरलेल्या पोरीची लाज राखली, असंच ती समजत आली होती.

राइनहोल्डनं कुऱ्हाड ओंडक्यावर टेकवली.

"म्हणजे शेहेचाळीस वर्षं मी तसाच," तो म्हणाला. "तसाच प्रभुभोजनाला जातोय."

"हो."

"लग्न, पोरं..."

"पोरांना पाण्यानं दिलाय. भरपूर."

"ते माहितीय. आमची एर्ना बुडायचीच बाकी होती." तो हसला नाही. "इतकी वर्षं गप्प का राहिलात, मावशी? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"भीती वाटायची. लोक म्हणतील, हिचा पहिलाच खोटा, मग आमचे कशावरून खरे? माझी किंमत राहिली नसती गावात."

"आणि आज राहील?"

"नाही राहणार. पण उद्या तू दुसऱ्यांच्या टाळूवर हात ठेवणार. तुझी कोरडी ठेवून मी तुला तिथं उभं करू शकत नाही. पास्टर आले की मी सगळ्यांसमोर सांगते. त्यांच्याकडून घे तू पाणी."

राइनहोल्डनं टोपी काढली. डोक्यावरचे केस पांढरे होत आले होते. "पास्टर कशाला? ते कुठे होते त्या दिवशी? नाळ तुम्ही कापली. काम तुमचं अर्धं राहिलंय, ते दुसऱ्यानं का पुरं करायचं?"

"या हातांनी?"

"दुसरे हात मला माहीत नाहीत, मावशी," तो म्हणाला आणि चिखलातच गुडघे टेकून बसला.

अमालियानं वळचणीखाली ओंजळ धरली. थेंब एकेक करून पडत होते, त्यांना कसलीच घाई नव्हती. गार पाण्यानं तिचे तळवे दुखायला लागले. हाच तो बर्फ, दाराबाहेरचा. आज तो आपल्या पायांनी तिच्याकडे चालत आला होता. तिला भीती वाटली, पण आजवर वाटत होती ती लोकांची, आणि ही वेगळी होती. देव इतका जवळ उभा आहे की मान वर केली तर दिसेल, असं वाटून ती ओंजळीवरून नजर हलवेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडे बेर्टा येऊन थांबली. गावातलं सगळ्यात मोठं तोंड, बगलेत चाळण. अमालियानं तिला पाहिलं. हात खाली घेता आले असते, हात धुत होते असंही म्हणता आलं असतं. त्याऐवजी तिनं आवाज चढवला.

"राइनहोल्ड, पाउलिनाच्या मुला, मी तुला पित्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

पाणी त्याच्या केसांतून मानेवर उतरलं. तिनं पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा भरेपर्यंत थांबली. पुत्राच्या नावाने. मग तिसरी. पवित्र आत्म्याच्या नावाने. बेर्टाची चाळण चिखलात पडली, तरी तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. गावाच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

राइनहोल्ड डोळे मिटून बसला होता. ठरलेलं उत्तर तो या खेपेला सावकाश म्हणाला. "देवानं माफ केलंय, मीही करतो. मलाही कर." मग त्यानं उजवा हात वर नेला, दोन बोटं कपाळावर टेकवली आणि काळोखात चाचपडणाऱ्या माणसासारखी ती तशीच ठेवली.

"ओलं आहे," तो म्हणाला.

अमालियाही त्याच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसली.